पहिला पेला

लेकीनं पेला खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाली, "बाबा, हे बघा जरा."

पाणीसाहेब बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करताच म्हणाले, "गढूळ आलं असेल. कुठेतरी खोदकाम चाललंय. दोन बादल्या सोडून दे, मग स्वच्छ येईल."

"गढूळ नाहीये. पीस आहे."

तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. पेल्यात नखाएवढं, राखाडी, मऊ पीस तरंगत होतं. कबुतराच्या पोटाखाली असतं तसं. उजेडात ते संथपणे गोल फिरत होतं, जणू त्याला कुठे जायची घाई नव्हती.

पाणीसाहेब म्हणजे नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचे पर्यवेक्षक. चौतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला उरलेले सतरा दिवस. सगळं गाव त्यांना पाणीसाहेब म्हणे, आणि बायको थट्टेनं म्हणे, "आमच्या ह्यांनी सगळ्या गावाला पाणी पाजलं, फक्त घरातली कुंडी तेवढी कोरडी राहिली." गावाला टाकी एकच. टेकडीवरची, उंच खांबांवर उभी. पंधरा हजार माणसं तिच्या पोटातलं पाणी पीत होती.

आतल्या खोलीत दीड वर्षाची नात पडून होती. दोन दिवस तिचं पोट बिघडलेलं. कालपासून ती रडायचीही दमली होती, आणि रडणाऱ्या मुलापेक्षा न रडणाऱ्या मुलाची धास्ती जास्त वाटते हे आईबापांना सांगायला नको. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, मीठसाखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजायला सांगितलं होतं, आणि जाता जाता विचारलं होतं, "पाणी कुठलं पिता?" त्यावर आजी मोठ्या अभिमानानं म्हणाली होती, "नळाचंच. आमच्या ह्यांच्या हातचं."

"टाकी मागच्याच महिन्यात धुतलीय," पाणीसाहेब म्हणाले.

"तुम्ही पाहिलीत?"

"फोटो आलेत. फाईल टेबलावरच आहे. आज सही करायचीय."

"फोटो नाही हो बाबा. टाकी. टाकी पाहिलीत का?"

पाणीसाहेबांनी बुटाची बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "त्यांच्या गुडघ्यांना विचार गं. आपल्या दाराची पायरी चढताना 'आई गं' म्हणतात, ते टाकी कधी चढायचे?"

एरवी या बोलण्यावर सगळे हसले असते. आज कोणी हसलं नाही. आतून नातीचा बारीक आवाज आला, "पाई... पाई..." तिच्या भाषेत पाणी म्हणजे पाई. लेक पेला तसाच हातात घेऊन उभी राहिली. त्यातलं पाणी फेकावं की ठेवावं, हेच तिला कळत नव्हतं.

ऑफिसात पोचेपर्यंत पाणीसाहेबांच्या डोळ्यांसमोर ते पीस फिरत होतं. खुर्चीत बसून त्यांनी फाईल ओढली. वर ठसठशीत अक्षरं, 'जलकुंभ स्वच्छता, पूर्णत्वाचा दाखला'. खाली एक छापील वाक्य, 'सदर काम समक्ष पाहिले. समाधानकारक आहे.' आणि त्याखाली सहीसाठी रेघ. दर सहा महिन्यांनी ते त्या रेघेवर सही करत आले होते. इतक्या वेळा, की हाताला ती सवयच झाली होती. डोळ्यांना विचारायची गरजच पडत नव्हती.

आज मात्र त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो जवळ घेतला.

टाकीचा आतला भाग. ओल्या, स्वच्छ भिंती. भिंतीवर पाण्याची पातळी दाखवणारे आकडे, निळ्या रंगात. पाचाचा रंग कधीच उडून गेलेला. मग चार. त्याखाली...

पाणीसाहेबांनी फोटो दूर धरला, जवळ धरला, खिडकीकडे नेला. चाराच्या खाली सहा होता.

हे आकडे त्यांनी स्वतः रंगवून घेतले होते, गुडघे शाबूत असतानाच्या काळात. पाच, चार, तीन, दोन, एक. टाकीत सहा हा आकडाच नव्हता. क्षणभर त्यांना काही उमगेना. मग त्यांनी खिशातला पेन काढला, तळहातावर तीन काढला आणि तो भिंतीवरच्या आरशात पाहिला. आरशात सहा दिसत होता.

फोटो उलटा छापला होता. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. चार दोन्हीकडून सारखाच दिसतो, म्हणून तो सुटला. तीन बिचारा पकडला गेला.

पाणीसाहेबांनी कपाट उघडून मागची फाईल काढली. तीच भिंत, तोच ओघळ, बादलीचा तोच मोडका कान, फक्त सुलट. त्याच्या मागच्या फाईलमध्येही तोच फोटो, थोडा कापून लहान केलेला. आणि तिन्ही फोटोंमध्ये आतली शिडी लोखंडी होती. ती गंजली म्हणून दीड वर्षापूर्वीच काढून टाकली होती. नव्या शिडीच्या मागणीवर सही त्यांचीच.

म्हणजे दीड वर्ष टाकीत कोणी उतरलंच नव्हतं. आणि जुन्या दोन्ही फायलींवर 'समक्ष पाहिले'च्या खाली निळ्या शाईत, वळणदार अक्षरात त्यांचीच सही होती.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते पाणीसाहेबांना त्या वेळी कळलं. सवयीनं हात टेबलाजवळच्या जारकडे गेला, तोटीखाली पेला लागला, अर्धा भरला आणि तिथेच थांबला. निळ्या झाकणाचा तो जार रोज सकाळी यायचा, फुकट. तो पाठवणारा कोण, तर टाकी धुण्याचा ठेका ज्याच्याकडे होता तोच. गावाची टाकी ज्याच्या भरवशावर, त्याच्याच बाटलीबंद पाण्यावर सगळं ऑफिस तहान भागवत होतं, आणि आठ वर्षांत एकाच्याही मनात आलं नव्हतं, की बाबांनो, आपण नळाचं पाणी का पीत नाही?

"पाणीसाहेब, सही राहिलीय तेवढी!" दारातून हसरा आवाज आला. ठेकेदार. स्वच्छ शर्ट, बोलणं लोण्यासारखं. खुर्ची ओढून बसला. "संध्याकाळच्या सभेत पुढच्या तीन वर्षांचा ठेका आहे. पाचच्या आत फाईल वर जायला हवी. तब्येत कशीय? नात आलीय म्हणे."

"हा फोटो कधीचा?"

"मागच्या महिन्याचा. खाली तारीख आहे की."

"चाराच्या खाली सहा कसा आला?"

ठेकेदारानं फोटोकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू हललं नाही, पण डोळ्यांतलं गेलं. "मुलांनी घाईत उलटा छापला असेल. तुम्ही पण ना साहेब, सतरा दिवस राहिलेत आणि आता आकडे मोजायला लागलात?"

"टाकी धुतली होती का?"

"साहेब," ठेकेदार पुढे वाकला आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, "मागच्या दोन फायली काढल्यात वाटतं. बरं केलंत. त्यांवर सही कोणाची आहे तेही बघा. फोटो उलटा असेल, सही तर सुलटी आहे ना? मी बुडालो तर एकटा नाही बुडणार. सतरा दिवस डोळे मिटून काढा, हार घालून घ्या, घरी जा. पाचला येतो."

तो गेला. पाणीसाहेब बसून राहिले. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. सही केली, तर सगळं जिथल्या तिथे झाकलं जाणार. नाही केली, तर चौतीस वर्षांची अब्रू भर सभेत धुतली जाणार. आणि घरी एक पेला खिडकीत ठेवलेला.

साडेअकराच्या उन्हात ते टेकडीकडे निघाले.

टाकीच्या पायथ्याशी, कुंपणाला लागून असलेल्या खोलीत चावीकाका राहत. वय ऐंशीच्या घरात. गावाचे व्हॉल्व्ह उघडणं आणि बंद करणं यात त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून चावीकाका. लोखंडी चावी फिरवताना देवाचं नाव गुणगुणायची त्यांना सवय. आता चावी नव्हती, पण गुणगुणणं राहिलं होतं. पाणीसाहेब आले तेव्हा ते दाराशी बसून पालेभाजी निवडत होते.

"या साहेब. बऱ्याच दिवसांनी वाट चुकलात."

पाणीसाहेब बाकड्यावर टेकले आणि सगळं सांगून टाकलं. पीस, फोटो, चाराखालचा सहा, दोन जुन्या सह्या, नात. काही लपवलं नाही. चावीकाका भाजी निवडत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तिनाचा सहा झाला? तरीच. तुमच्या कागदाचा आणि टाकीचा छत्तीसचा आकडा असणारच."

"थट्टा नको काका. मी काय करू?"

"तुम्ही काय लिहिता त्या कागदावर? तो शब्द काय?"

"समक्ष पाहिले."

"समक्ष म्हणजे?"

"म्हणजे प्रत्यक्ष. डोळ्यांसमोर."

"तुमच्या डोळ्यांसमोर काय होतं?"

पाणीसाहेबांनी तळहातावरचा शाईचा तीन अंगठ्यानं पुसला.

"फोटो होता," चावीकाका म्हणाले. "म्हणजे 'फोटो समक्ष पाहिला' असं लिहायला हवं होतं. तेवढं खरं झालं असतं. साहेब, मी चौथी शिकलेला माणूस. पण मला एक कळतं. देवापुढे हात जोडायला आपण दुसऱ्याला पाठवत नाही. आईच्या उशाशी बसायला भाड्यानं माणूस आणला, तर तो रात्रभर जागेल, पण काळजी आपलीच राहील. ठेका वाईट नाही. चार चांगली माणसं ठेक्यावर चांगलं काम करतात, मी पाहिलीत. पण हातांचा ठेका देता येतो, डोळ्यांचा नाही. तुम्ही डोळेही देऊन टाकलेत."

"माझे गुडघे गेले काका."

"गुडघे गेले तर लिहायचं, गुडघे गेलेत, दुसऱ्याला चढवा. त्यात काय लाज? लाज खोटं लिहिण्यात आहे." काकांनी भाजीची परात बाजूला ठेवली. "पहिला पेला आठवतो का तुम्हाला?"

आठवत होता. ठेका नव्हता तेव्हा टाकी धुवायला चावीकाका आणि चार माणसं उतरत. आत पाऊल टाकायच्या आधी पाय घासून धुवायचे, पायरीला हात लावून नमस्कार करायचा. टाकी धुऊन, पुन्हा भरून झाली की खालच्या नळावर पेला लागायचा. पहिला पेला काका पीत, दुसरा पाणीसाहेब. मगच गावाचा व्हॉल्व्ह उघडायचा. काका म्हणत, "आधी आपल्या पोटात, मग गावाच्या." कुठल्या नियमात हे नव्हतं. पण तो पेला प्यायचा आहे हे ठाऊक असलेला माणूस कोपऱ्यातला गाळ कधी ठेवत नसे.

मग ठेका आला. निविदेच्या अटी पाणीसाहेबांनीच लिहिल्या. ब्रश कसे, पावडर किती, कमरेला पट्टा, गाळ कुठे टाकायचा, फोटो. बारा अटी झाल्या. तेराव्या अटीला पहिला पेला लिहायचा त्यांच्या मनात आलं होतं आणि पेन थांबला होता. हे कसं लिहायचं? वरचे विचारतील, याचं मोजमाप कशात घ्यायचं? लोक हसतील. त्यांनी ती ओळ सोडून दिली.

मंडळी, मोजता येत नाही म्हणून कागदावरून गळालेलं काम सगळ्यात आधी जगातून गळतं. आणि गळालं हेही कोणाला कळत नाही.

"मी वर जातो," पाणीसाहेब म्हणाले.

"देव करो नि उतरूनही या. सावकाश. कठडा सोडू नका."

पायऱ्या शहाण्णव. पहिल्या वीस त्यांनी मानानं चढल्या, पुढच्या वीस कठडा धरून, आणि नंतरच्या पायऱ्यांना पायाबरोबर दोन्ही हातही लावावे लागले. गुडघ्यात सुरी फिरावी तशी कळ. खालून काकांचा आवाज येत होता, "थांबा. श्वास घ्या. आता पुढे." साठाव्या पायरीवर त्यांनी खाली पाहिलं आणि पाहायला नको होतं असं वाटलं. सगळं गाव दिसत होतं. छपरं, शाळेचं मैदान, दवाखाना, आणि बारीक रेघेएवढ्या गल्लीत त्यांचं घर. प्रत्येक छपराखाली एक नळ होता. प्रत्येक नळाला कोणीतरी पेला लावत होतं, निर्धास्त, कारण कुठल्यातरी कागदावर कुठल्यातरी साहेबानं समक्ष पाहिलं होतं.

वरचं झाकण अर्धं सरकलेलं होतं. बिजागरी तुटलेली, तारेनं कशीबशी बांधलेली. कडेला काटक्यांची दोन घरटी, आणि सगळीकडे पिसं. पाणीसाहेबांनी झाकण ढकललं. आतून जो वास आला त्यानं डोळ्यांत पाणी आलं. भिंतीवर हिरवं, जाड शेवाळ. तीन आकडा त्याखाली पार बुडाला होता, ना सुलटा दिसत होता ना उलटा. पाण्यावर धुळीचा तवंग, आणि तवंगावर सायीसारखी पसरलेली पिसं.

ते झाकणाशी गुडघे टेकून बसले. गुडघ्यांना आता वेगळं दुखायचं काही उरलं नव्हतं. आणि चौतीस वर्षांचा तो माणूस, गावाचा पाणीसाहेब, त्या उघड्या टाकीपुढे हात जोडून म्हणाला, "देवा, हे मी केलं!"

ठेकेदारानं केलं, असं ते म्हणाले नाहीत. ते नंतर म्हणायचं होतं, कागदावर, साक्षीपुराव्यासह. पण आधी हे.

पाचला दहा मिनिटं कमी असताना ते मुख्याधिकारी बाईंसमोर उभे होते. पँटचे गुडघे हिरवे झालेले. फाईल टेबलावर उघडी. छापील वाक्यापुढे त्यांनी आपल्या हातानं लिहिलं होतं, 'आज समक्ष पाहिले. टाकी धुतलेली नाही. मागील दोन दाखले मी न पाहता दिले.' खाली सही.

बाईंनी दोनदा वाचलं. "ही फाईल अशी वर गेली, तर पहिली चौकशी तुमची होईल."

"व्हायलाच हवी, मॅडम."

"सतरा दिवस राहिले होते तुमचे."

"हो. पण पाणी सतरा दिवस थांबत नाही. ते आत्ताही प्यायलं जातंय. गाडीवर भोंगा लावून फिरवायला सांगा, पाणी उकळून प्या म्हणून. बाकी माझं काय करायचं ते सावकाश करा."

बाईंच्याही टेबलावर निळ्या झाकणाचा जार होता. पाणीसाहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बाईंनीही पाहिलं. मग त्यांनी फोन उचलला.

बाहेरच्या ओट्यावर ठेकेदार वाट पाहत होता. "सही झाली?"

"झाली," पाणीसाहेब म्हणाले. "या वेळी खरीखुरी."

संध्याकाळी गल्लीगल्लीतून भोंगा फिरला. लोक चिडले, घाबरले, कोणी पाणीसाहेबांच्या दाराशी येऊन वाटेल ते बोलून गेले. एक म्हातारी म्हणाली, "तुझ्या भरवशावर होतो रे." तो एक शब्द शिव्यांपेक्षा जास्त लागला. बायको आत चुलीवर पाण्याचं भांडं ठेवून उभी होती. मग म्हणाली, "डॉक्टर येऊन गेले. सलाईन चढवायला लागणार नाही म्हणाले. तिनं मघाशी डोळे उघडले." आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसले.

ठेका त्या सभेत मंजूर झाला नाही. त्याची चौकशी लागली, आणि पाणीसाहेबांचीही. निरोपाचा हार राहिला. चौथ्या दिवशी टाकी रिकामी करून धुतली. दुसरा ठेकेदार, त्याची सहा माणसं. पाणीसाहेब गुडघ्यांना पट्ट्या बांधून झाकणाशी दिवसभर बसून होते. तीन आकडा भिंतीवर पुन्हा दिसू लागला तेव्हा त्यांनी आतल्या माणसाला ओरडून विचारलं, "तिनाचं तोंड कुठल्या बाजूला आहे?" आतून उत्तर आलं, "डावीकडे उघडा आहे साहेब!" खाली उभे असलेले सगळे हसले.

टाकी भरली. खालच्या नळाशी निम्मं गाव जमलं होतं. मुख्याधिकारी बाई होत्या, नवा ठेकेदार होता. लेक नातीला कडेवर घेऊन आली होती, मूल वाळलेलं पण डोळे टकटकीत. चावीकाकांनी खोलीतून जुना पितळी पेला आणला, घासून लख्ख केलेला. नळाखाली धरला, भरला आणि पाणीसाहेबांपुढे केला.

"पहिला तुमचा, काका," पाणीसाहेब म्हणाले.

"माझा कशाला? मी कुठे सही केलीय?"

पाणीसाहेबांनी पेला घेतला. गाव बघत होतं. सबंध पेला प्यायले. मग काकांनी तो पुन्हा भरून नव्या ठेकेदाराला दिला, मग बाईंना. बाई एका दमात प्यायल्या. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात जार आले नाहीत.

त्यानंतर निघालेल्या निविदेत तेरा अटी आहेत. तेरावी पाणीसाहेबांनी सांगितली, बाईंनी लिहिली, आणि वरून शेरा आला तरी खोडली नाही. 'काम पूर्ण झाल्यावर, दाखल्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने व ठेकेदाराने नागरिकांसमक्ष त्या टाकीतील पहिला पेला पाणी प्यावे.' मोजमाप, एक पेला.

तर मंडळी, आपल्याही गावात रस्ता होतो, गटार होतं, शाळेचं छप्पर होतं, टाकी धुतली जाते. काम कोणी करावं हे ठरवून देता येतं. पण काळजी ठेक्यानं देता येत नाही. ती सही करणाऱ्याची, आणि सही कोण करतो हे न विचारणाऱ्या आपलीही. कधीतरी टेकडीवर मान वर करून बघा आणि विचारा, वर शेवटचं कोण चढलं होतं? आणि आपण स्वतः कुठे सही करत असू, तर रेघेवर पेन टेकवण्याआधी एकदा त्या शब्दाकडे बघा. समक्ष.

त्या पहिल्या पेल्याच्या दिवशी गर्दी पांगल्यावर नातीनं पेल्याकडे हात केला. "पाई."

पाणीसाहेबांनी पेला भरला आणि लेकीकडे दिला. लेकीनं तो उन्हात धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला. तिचं पाहून होईपर्यंत पाणीसाहेब निमूटपणे उभे राहिले.

मग तिनं पेला खाली आणला आणि आपल्या लेकीच्या ओठांना लावला.